ढोल करणाऱ्यांच्या घरी

दापोड्याहून परत येताना राहनाळच्या अलीकडे रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि शेजारी ताडपत्री आवळून बांधलेला एक ट्रक. ताडपत्रीच्या कडेनं खारट पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. वास आला तसा रिक्षावाल्यानं गळ्यातला गमछा नाकावर ओढला.

"मॅडम, नाक ढक लो. कच्चा चमडा है."

"रहने दो, भैया."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी नाक झाकलं नाही. उलट थोडं बाहेर वाकून खोल श्वास घेतला. मीठ, ओले केस, आणि त्याच्या तळाशी एक जाड, आंबूस, ऊबदार वास, ज्याला चांगलं नाव कुठल्याच भाषेत कुणी दिलेलं नाही. वाहतूक सुटली, ट्रक वळून दिसेनासा झाला, रिक्षावाल्यानं गमछा खाली घेतला. मी मात्र तिथे नव्हतेच. मी एका थंड गावात, नदीपलीकडच्या एका घराच्या परसदारी उभी होते. पायात दुसऱ्याच्या मापाच्या रबरी चपला, हातात चहाचा ट्रे.

जपानला शिकायला गेले तेव्हा ज्या घरानं मला ठेवून घेतलं, त्या घराचा हा वास. तो मी आजवर कुणापुढे झाकलेला नाही. ट्रकशेजारी कशाला झाकू?

आमचं घर भिवंडीत, नारपोलीला. खाली लूम, वर आम्ही. लूम चालू असले की फळीवरची भांडी बारीक थरथरत राहायची, आणि वीज गेली की ती शांतता कानाला टोचायची. बाबा पोस्टात, आई घरी परकर शिवायची. शाळेच्या वाटेवर नाला लागायचा. त्याचं पाणी कधी जांभळं, कधी पोपटी, कधी लग्नातल्या शालूसारखं लालभडक. ज्या रंगाचं पाणी, त्या रंगाचं कापड कुठल्या तरी कारखान्यात चाललेलं. आम्ही मुली घरातून निघतानाच पैजा लावायचो, आज कोणता रंग. ते पाणी मूळचं कसं असेल हा प्रश्न मला तिथेच पडला, आणि मी रसायनशास्त्र घेतलं ते त्या नाल्यापायी. पुढे पाणी शुद्ध करण्याचं शिक्षण घ्यायला जपानची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ओळखीतल्या एकीनं सल्ला दिला, "तिकडे कुणी विचारलं तर मुंबई सांग. फार तर ठाणे. भिवंडी कशाला सांगतेस?"

मी विमानतळावर सांगितलं भिवंडी, वर्गात सांगितलं भिवंडी, नकाशावर बोट ठेवून सांगितलं भिवंडी. ज्यांना नाक मुरडायचं होतं त्यांनी मुरडलं.

आमच्या घरात आणखी एक गोष्ट होती, म्हणजे नव्हती. ढोल नव्हता. माझा आजा खाडीकाठच्या गावातला. शिमग्यात ढोल बडवायचा तो आमच्या घरानं, मेलेलं ढोर ओढायचं तेही आमच्या घरानं. गाव नाचायचं आणि आम्ही वाजवायचो, पण नाचात पाय टाकायचा नाही. धम्म घेतला त्या वर्षी आजानं तो ढोल भरतीच्या पाण्यात सोडून दिला आणि तो दिसेनासा होईपर्यंत काठावर उभा राहिला. मग भिवंडीत येऊन लूमवर लागला. हे मला आईनं सांगितलेलं. शाळेच्या पथकात मी एकदा हौसेनं ढोल गळ्यात घातला, तर आईनं तो तसाच परत करायला लावला. "आपल्या हातात पेन शोभतं, बाय. ढोल आपला धरून झालाय." जयंतीच्या मिरवणुकीतसुद्धा बाबा निळा झेंडा घेऊन पुढे चालायचे, ढोलाच्या बाजूला वळूनही बघायचे नाहीत.

असल्या घरातली मी, आणि माझ्या नशिबात आलं ते घर.

ते गाव समुद्राकडचं, बर्फाचं. विद्यापीठ मुलांना तिथल्या कुटुंबांत राहायला पाठवायचं. माझ्या वाट्याला नदीच्या पलीकडचं एक जुनं लाकडी घर आलं, साठी ओलांडलेलं जोडपं. तिकडे आईला ओकासान म्हणतात, वडिलांना ओतोसान. मीही पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायला लागले. ओकासान बुटकी, लगबगीची, सतत ॲप्रनला हात पुसणारी. ओतोसान दिवसाकाठी मोजके शब्द बोलायचे, तेही जेवणाबद्दल.

त्या घराचे वास मला अजून एकेक करून आठवता येतात. जमिनीवरच्या चटयांना वाळलेल्या पेंढ्याचा वास होता, थेट राहनाळच्या शेतांचा, गोडाऊन व्हायच्या आधीच्या. हिवाळ्यात रॉकेलचा हिटर लागायचा. इतक्या पुढारलेल्या देशात मला आईच्या स्टोव्हचा वास भेटला आणि मी त्या हिटरशेजारी उकिडवी बसून भात खाल्ला. वळचणीला सोललेली तेंदूसारखी केशरी फळं दोरीला टांगलेली असायची, ती वाळून साखर धरायची. सकाळी भिंतीतलं काळं लाकडी कपाट उघडून ओकासान आतल्या बुद्धापुढे वाफाळत्या भाताची वाटी ठेवायची. मी तिच्या शेजारी बसून त्रिसरण म्हणायचे. तिची प्रार्थना वेगळी, माझी वेगळी, मूर्ती एकच. भात गार झाला की तो आम्ही दोघी वाटून खायचो.

आणि अंघोळ. तिकडे रोज संध्याकाळी एका खोल टबात कढत पाणी भरतात आणि घरातले सगळे एकामागून एक, अंग धुऊन, त्याच पाण्यात बसतात. पहिल्या दिवशी ओकासान म्हणाली, "पहिलं पाणी तुझं."

मी म्हटलं, "आधी तुम्ही मोठे."

"छे. पाहुणीला पहिलं पाणी. मग ते, मग मी."

मी त्या पाण्यात गळ्यापर्यंत बसले. माझी आजी गावच्या विहिरीपाशी घडा घेऊन बसायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. ते मला आठवलं म्हणणं खरं नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. पण अंगाला आठवलं. मी बराच वेळ बाहेर आले नाही, आणि बाहेर दोन म्हातारी माणसं माझ्यामागून त्याच पाण्यात उतरायची वाट बघत गप्पा मारत होती.

परसात एक शेड होती. तिच्याकडे कुणी मला नेलं नाही. वारा तिकडून वाहायला लागला की ओकासान माझ्या खोलीची खिडकी येऊन लावायची आणि उदबत्ती पेटवायची. "ओतोसानचं काम चालतं तिथं," एवढंच सांगायची. मी वास ओळखला नाही असं कसं म्हणू? माझ्या घरानं तो वास पिढ्यान्‌पिढ्या ओढला होता. पण वाटलं, आपला भास. हा बुद्धाचा देश. इथे कोण वरचं, कोण खालचं?

विद्यापीठाच्या शहरात एक मराठी जोडपं होतं, पुष्कळ वर्षं तिथेच राहिलेलं. दिवाळीला त्यांनी मला फराळाला बोलावलं. काकू फार प्रेमळ. मला पाहून त्यांचे डोळे पाणावले, चकलीची परात पुढे आली, "किती वाळलीस गं," झालं. काका आतल्या खोलीत टीव्हीसमोर. मग काकूंनी विचारलं, कुठल्या भागात राहतेस. मी नदीपलीकडच्या वस्तीचं नाव सांगितलं. काकूंचा हात परातीतच थांबला.

"नदीपलीकडे? अगं, तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

काकू खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते कातड्यातले लोक आहेत. ढोलाची कातडी करतात. इथले लोक तोंडानं बोलत नाहीत, पण सगळ्यांना माहीत असतं. लग्नं जुळवताना पत्ता बघतात. मलासुद्धा आधी कळलं नव्हतं. कुठेही जा, असतातच बाई तसले लोक. तू घाबरू नको. यांची ओळख आहे विद्यापीठात, चांगलं घर मिळेल तुला."

माझ्या तोंडात चकली होती. ती मी सावकाश चावून गिळली.

"काकू, तुम्ही माझं आडनाव विचारलं नाहीत."

"अगं, त्याचं काय?"

मी आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. मग म्हटलं, "मीपण तसलीच."

काकूंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"अगं, मी त्या अर्थानं नाही... आम्ही असलं काही मानत नाही हं."

"मानता, काकू. आत्ताच सांगितलंत."

आणि मी आणखी एक चकली घेतली. उठून निघून जाणं सोपं होतं, त्यांनाही सोयीचं झालं असतं. मी बसले. चकली संपवली, चिवडा संपवला, चहा मागून घेतला. चकल्या खरंच चांगल्या झाल्या होत्या, तेही सांगितलं. मला पोचवायला निघालेल्या काकांना नको म्हटलं आणि बसनं परतले.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपवून घरी आले तर दारातच माझी बॅग. माझे सगळे कपडे इस्त्री केल्यासारखे घडी घालून आत रचलेले. वर कापडात गाठ मारून बांधलेला डबा. ओकासान पायरीवर बसली होती, दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात.

"विद्यापीठाच्या ऑफिसातून फोन आला होता," ती म्हणाली. "तुझ्यासाठी दुसरं घर बघितलंय. मोठं आहे, स्टेशनजवळ. तुझे कपडे पुन्हा एकदा धुऊन उन्हात घातले. वास राहायला नको."



"आधी एक मुलगी राहायची," ती पुढे म्हणाली, "तीही अशीच गेली. घाईत तिला डबा द्यायचा राहून गेला. ते मनाला लागून राहिलं. म्हणून या वेळी आधीच करून ठेवला."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. माणूस इतक्या सवयीनं अपमानाची तयारी करून ठेवतो, कपडे वाळवून, डबा बांधून, हे मी पहिल्यांदा समोर पाहिलं. आणि मला जो राग आला तो काकूंचा नव्हता, ऑफिसचा नव्हता, कुणा एकाचा नव्हता. तो फार जुना राग होता, आजानं काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं असेल तेव्हाचा.

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले, डब्याची गाठ सोडली आणि तिथेच जेवायला लागले.

"तो प्रवासासाठी आहे," ओकासान म्हणाली.

"मी कुठे जात नाही."

"पण ऑफिस..."

"ऑफिसला मी फोन करते."

माझी जपानी भाषा तेव्हा दीड पायावर चालायची. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, इथेच का राहायचं आहे, काही अडचण आहे का, कुणी दबाव आणला का. मी म्हटलं, इथे मला पहिलं पाणी मिळतं. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग त्यांनी विषय सोडला आणि विचारलं, तुमच्या घरच्यांना हे चालेल का? मी म्हटलं, "माझ्या घरच्यांना विचारायची गरज नाही, आम्हीही असेच आहोत," आणि फोन ठेवला. मागे वळले तर ओकासान माझी बॅग उचलून आत नेत होती. ती जड होती, पण मला हात लावू देईना.

पुढच्या सकाळी ओतोसान जेवणाबाहेरचं पहिलं वाक्य बोलले. "आजचा चहा शेडमध्ये घेऊन ये."

मी परसदारी चपला बदलल्या, ट्रे उचलला. शेडचं दार उघडं होतं. आत दगडी हौद, त्यात पाण्यात मुरत घातलेली कातडी, शेजारी तांदळाच्या कोंड्याचं पिंप. कोंडा आंबवून त्यात कातडं मुरवलं की केस सुटतात, ओतोसान सांगत होते. भिंतीला टेकून ढोलांची लाकडी अंगं उभी होती, एकेका झाडाच्या बुंध्यातून कोरलेली. काही इतकी मोठी की आत माणूस बसेल. मध्ये एक ढोल चढवलेला, कातडं चहूबाजूंनी दोऱ्यांनी ताणून धरलेलं, आणि त्याच्यावर ओकासान अनवाणी उभी! ती कातडं ताणण्यासाठी टाचा रोवून उड्या मारत होती, ॲप्रन सावरत, आणि मला बघून लहान मुलीसारखी हसली. मी तिला घरात कधी तशी हसताना पाहिलं नव्हतं.

ती उतरल्यावर ओतोसाननी एका तयार ढोलावर टाकलेलं कापड काढलं आणि लाकडी टिपरू माझ्यापुढे धरलं. त्यांच्याकडून तो मोठा मान होता, मला समजत होतं.

"मी वाजवणार नाही," मी म्हटलं.

ओकासानचा चेहरा उतरला. मग मी तिथेच, कोंड्याच्या पिंपावर बसून, आजाची गोष्ट सांगितली. शिमगा म्हणजे काय, वेठ म्हणजे काय, याला माझ्याकडे शब्द नव्हते. हातवारे करून सांगितलं. ढोल पाण्यावर कसा गेला ते सांगितलं. आमच्या घरात त्यानंतर कुणी कातड्याला हात लावला नाही हेही.

ओतोसाननी टिपरू हातात फिरवलं.

"वाजत होता का चांगला? तुझ्या आजोबांचा ढोल?"

"माहीत नाही. मी ऐकला नाही."

"बरं केलं त्यांनी, सोडला ते." त्यांनी टिपरू जागेवर ठेवलं. "माझ्या धाकट्या भावानंही सोडलं. शहर बदललं, पत्ता बदलला. मी सोडलं नाही. लोकांना वाटतं मला दुसरं काही जमलं नाही म्हणून." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "हे त्यांनी आमच्यावर टाकलेलं काम होतं. मी ते इतकं चांगलं करायचं ठरवलं की टाकणाऱ्यांना माझ्या दारात यावं लागेल. ते येतात. दारापर्यंतच येतात, पण येतात."

आजानं मानासाठी सोडलं, यांनी मानासाठी धरून ठेवलं. यातलं खरं कोणतं, असं मला पुढे अनेकांनी विचारलंय. विचारणाऱ्यांच्या घरी कुणी कधी ना कातडं ओढलेलं असतं, ना कमावलेलं. त्यांनी निवाडा करू नये एवढंच माझं म्हणणं.

त्यानंतर ओकासाननं माझी खिडकी कधी लावली नाही.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून फक्त लूमची खडखड येत राहिली.

"म्हणजे आपलं सुटलं तेच काम करतात ती माणसां?"

"हो."

"आन् तुला जेवाला कुठं बसवतात?"

"त्यांच्या शेजारी. एकाच टेबलावर."

"मग कामाचं काय घेऊन बसलीस? खाऊन पिऊन नीट ऱ्हा. त्यांना आमचा जय भीम सांग."

मी सांगितला. ओकासाननं अर्थ विचारला. मी म्हटलं, आमच्यात भेटल्यावर ताठ मानेनं म्हणतात तो नमस्कार. तिनं तो पाठ केला आणि फोनवर आईला ऐकवला, तेव्हा आई इतकी हसली की शिवणयंत्र थांबलं.

मग हिवाळा गेला. छपरावरून बर्फाच्या लाद्या धबधब कोसळायच्या, नदीचं पाणी फुगायचं, काठावर ओतोसान गुडघाभर पाण्यात कातडी धुवायचे आणि त्यांचे हात लालबुंद होऊन यायचे. उन्हाळ्यात गावाचा उत्सव. ओतोसाननी केलेले ढोल गाड्यांवर चढून पूल ओलांडून जायचे, पण त्यांना मंडपात कधी कुणी बोलावलेलं नव्हतं. त्या वर्षी ऑफिसच्या बाईंनी मला सांगितलं, तू उत्सवाचा पोशाख घालून मंडपात ढोलाशेजारी उभी राहा, वर्तमानपत्रात फोटो येईल.

मी विचारलं, "ओतोसान कुठे बसणार?"

"ते येत नाहीत सहसा."

"मग मीही नाही."

आम्ही तिघं पुलाच्या अलीकडच्या टोकाला उभे राहिलो, विस्तवावर भाजलेली कणसं खात. ढोल वाजायला लागले तसा पुलाचा लोखंडी कठडा हाताखाली थरथरायला लागला, आमच्या घरातल्या फळीसारखा. ओतोसान डोळे मिटून उभे होते. मी ढोलाला हात लावला नाही, पण त्या कठड्यावरचा हातही काढला नाही.

आता ते काहीच तसं उरलेलं नाही. हौद कोरडा आहे, वळचणीला फळं टांगायला ओकासानचे हात पुरत नाहीत. इकडे आमच्या घराखालचे लूमही बंद झाले, खालच्या जागेत कुणाचा तरी माल भरलेला असतो, आणि भांडी आता थरथरत नाहीत. मी मात्र इथेच आहे. लोक विचारतात, जपान सोडून परत कशाला आलीस, तेही भिवंडीत? मी कारखान्यांच्या पाण्याचे नमुने तपासते. दापोड्याला जाते ते त्याच कामासाठी. काही मालक मला बघितलं की गेट लावून घेतात. मी गेटबाहेर नाल्यावर वाकून बाटली भरते.

परवा त्या ट्रकशेजारी रिक्षा अडकली, त्या दिवशी सकाळीच ओकासानचा व्हिडिओ कॉल येऊन गेला होता. ओतोसान गेले. झोपेत गेले. तिनं शांतपणे सांगितलं. मग एक गोष्ट सांगितली जी मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. तिकडे माणूस गेला की देवळातून त्याला एक नवं, मरणानंतरचं नाव देतात. पूर्वी त्यांच्या वस्तीतल्या लोकांना जी नावं दिली जायची त्यांत जनावराचं, कातड्याचं अक्षर मुद्दाम घातलेलं असायचं, दगडावर कोरून, कायमचं. ओतोसानच्या पणजोबांच्या दगडावर ते आहे. आता तसं कुणी करत नाही. पण ओतोसाननी आधीच सांगून ठेवलं होतं, मला देवळाचं नाव नको. मला माझंच नाव राहू दे.

"म्हणून कुणी मोठे भिक्षू आले नाहीत," ओकासान म्हणाली. "मीच म्हटलं जे येतं ते."

काल पौर्णिमा होती. नारपोलीच्या आमच्या विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर त्या महिन्यात गेलेल्यांची नावं घेऊन पुण्यानुमोदन करतात. मी आणि आई लवकर गेलो. विहाराचे जुने कार्यकर्ते शांतारामदादा, आजाच्याच गावचे, चटया अंथरत होते. मी त्यांना ओतोसानचं नाव सांगितलं.

"जपानी? घेऊ की. बुद्धाचाच माणूस." त्यांनी दोनदा उच्चारून बघितलं. "आन् पुढं काय म्हणू? प्राध्यापक होते का?"

"ढोलाचं कातडं कमवायचे. तसंच म्हणा."

दादांच्या हातातली चटई थांबली. "बाय, नाव घेतो. काम कशाला पाहिजे? त्याच घाणीतून आपल्याला वर काढलं. इथं विहारात त्याचा उच्चार? नवी पोरं बसलेली असतात."

मी बोलणार होते, पण आई आधी पुढे झाली. आईचे गुडघे आता धड वाकत नाहीत, ती भिंतीला धरून उभी होती.

"दादा, माझ्या पोरीला त्यांनी पयलं पाणी दिलं. आपल्याला कुनी दिलंवतं का? आपन काम सोडलं, बरं केलं. त्या मानसानं न्हाय सोडलं, त्याची त्याला लाज न्हवती. मग आपल्याला कशाची? लाज वाटून नाव झाकाचं असंल तं सासऱ्यांनी ढोल उगाच बुडवला."

मागे पोरं येऊन बसायला लागली होती. दादांनी चटई सरळ केली, हात झटकले आणि जागेवर जाऊन बसले. ते काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. तिनं माझा हात धरला होता.

मी ओकासानला कॉल लावून फोन गुडघ्यावर उभा धरला. तिकडे संध्याकाळ झाली होती. ती त्या काळ्या कपाटासमोर बसलेली, अंगावर काळा पोशाख, ॲप्रनशिवाय वेगळीच दिसत होती. वंदना झाली. त्रिसरण सुरू झालं तशी तीही ओठ हलवायला लागली, माझ्याकडून ऐकून ऐकून तिला ते येतं. मग दादा उठले. नारपोलीतल्या दोन म्हाताऱ्यांची नावं घेतली, एका लूमवाल्या तरुणाचं घेतलं. मग घसा साफ केला.

ओतोसानचं नाव त्यांनी चुकत चुकत उच्चारलं, पण पूर्ण उच्चारलं. आणि पुढे म्हणाले, "जपान देशातले. ढोलाचं कातडं कमावणारे कारागीर. आपल्या लेकीला ज्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतलं."

"साधू, साधू, साधू," सगळं विहार म्हणालं. पोरांनीही म्हटलं, कुणी कुणाकडे बघितलं नाही.

बाहेर पायरीवर येऊन मी फोन कानाला लावला. ओकासाननं विचारलं, "त्यांचं नाव मला कळलं. पण पुढे काय म्हणाले ते?"

"त्यांचं काम सांगितलं."

"कातड्याचं?"

"हो."

तिच्या मागे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"सगळ्यांसमोर? मोठ्यानं?"

"मोठ्यानं," मी म्हटलं.